सांगितलेला दर आणि खरा दर

पोस्टाच्या कचेरीत अल्पबचत योजनांचा एक तक्ता लावलेला असतो. त्या तक्त्यात एप्रिल २०२३ मध्ये दोन आकडे शेजारी शेजारी दिसत होते. पाच वर्षांच्या राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रासमोर ७.७ टक्के लिहिले होते आणि पाच वर्षांच्या मुदत ठेवीसमोर ७.५ टक्के. आता सांगा, यांपैकी कोणता दर जास्त?

तुम्ही म्हणाल, यात विचारायचे काय? ७.७ हा आकडा ७.५ पेक्षा मोठा आहे. मग जास्त दर प्रमाणपत्राचाच. पण त्याच तक्त्यात आणखी एक बारीक ओळ होती. प्रमाणपत्राच्या व्याजाची आकारणी वर्षातून एकदा होते आणि मुदत ठेवीच्या व्याजाची आकारणी दर तीन महिन्यांनी, म्हणजे वर्षातून चारदा होते, असे तीत म्हटले होते. ही ओळ बहुतेक लोक वाचत नाहीत. खरे म्हणजे आधी तीच वाचायला हवी.

दर तीन महिन्यांनी आकारणी म्हणजे काय, ते रुपयांत पाहू. समजा, मुदत ठेवीत १०,००० रुपये ठेवले. वर्षाचा दर ७.५ टक्के, म्हणून तिमाहीचा दर त्याचा चौथा भाग, म्हणजे १.८७५ टक्के. पहिल्या तिमाहीअखेर व्याज झाले १८७ रुपये ५० पैसे. ते मुद्दलात मिळवले की हिशेबाची रक्कम १०,१८७.५० रुपये होते. दुसऱ्या तिमाहीत व्याज या वाढलेल्या रकमेवर लागते. म्हणून दुसऱ्या तिमाहीअखेर १०,३७८.५२, तिसऱ्या तिमाहीअखेर १०,५७३.११ आणि वर्षअखेर १०,७७१.३६ रुपये होतात. वर्षभराचे व्याज ७७१ रुपये. तक्त्यात दर दहा हजारांमागे हाच आकडा दिला होता. साध्या गुणाकाराने ते ७५० यायला हवे होते. वरचे २१ रुपये हे व्याजावरचे व्याज आहे. मराठीत याला चक्रवाढ व्याज म्हणतात, उर्दूत सूद-ए-मुरक्कब.

म्हणजे ७.५ टक्के हा झाला सांगितलेला दर आणि ७.७१ टक्के हा झाला वर्षअखेर प्रत्यक्ष पडणारा दर. पहिल्याला नाममात्र दर म्हणतात, दुसऱ्याला प्रभावी दर. प्रमाणपत्रावर आकारणी वर्षातून एकदाच होते, म्हणून तिथे दोन्ही दर एकच, ७.७ टक्के. आता दोन्ही दर एकाच मापाने मोजले गेले. ७.७० आणि ७.७१! जो आकडा लहान दिसत होता, तोच केसभर मोठा निघाला.

एका दुकानात कापड मीटरवर विकतात आणि दुसऱ्या दुकानात वारावर. दोन्हींचे भाव सांगितले, तर स्वस्त कोणते हे आपण लगेच ठरवत नाही. आधी वाराचे मीटर करतो, मग भाव ताडून पाहतो. व्याजदराचेही तसेच आहे. ‘किती टक्के?’ एवढे विचारून भागत नाही. ‘वर्षातून किती वेळा?’ हेही विचारावे लागते. या दोन उत्तरांवरून प्रभावी दर काढता येतो, आणि मगच दोन दरांची तुलना करण्यात अर्थ असतो.

हा हिशेब करण्याची रीत अशी : नाममात्र दराला वर्षातील आकारणीच्या संख्येने भागावे. आलेल्या टक्क्यांना १०० ने भागून त्यांत १ मिळवावा. ही संख्या जितक्या वेळा आकारणी असेल तितक्या वेळा स्वतःशी गुणावी. गुणाकारातून १ वजा करावा आणि उरलेल्याला १०० ने गुणावे. आपल्या उदाहरणात १.०१८७५ ही संख्या चार वेळा घेऊन गुणली, की १.०७७१ येते. त्यातून १ गेला, उरले ०.०७७१, म्हणजेच ७.७१ टक्के.

कागदावर हे करायला बराच वेळ लागतो. पण किराणा दुकानात असते तसे साधे गणकयंत्र हाताशी असले, तरी काम होते. १.०१८७५ हा आकडा दाबा, मग गुणिलेची कळ दाबा आणि नंतर बरोबरची कळ तीन वेळा दाबा. यंत्र तोच गुणाकार पुन्हा पुन्हा करते. काही यंत्रांवर गुणिलेची कळ दोनदा दाबावी लागते, १.५ घेऊन आधी एकदा करून पाहा. एकदा बरोबर दाबल्यावर २.२५ आले, तर तुमची रीत योग्य आहे.

बँका, विमा कंपन्या आणि हिशेबनीस यांच्यासाठी वेगळी गणकयंत्रे मिळतात. त्यांना वित्तीय गणकयंत्रे म्हणतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीचे ‘बीए टू प्लस’ नावाचे यंत्र जगभर वापरले जाते. त्याच्या ‘२’ या कळीच्या वर ‘आयकॉन्व्ह’ असे लिहिलेले असते. व्याजदराचे रूपांतर असा त्याचा अर्थ आहे. ‘सेकंड’ ही कळ दाबून मग ‘२’ दाबले, की रूपांतराचे कोष्टक उघडते. त्यात फक्त तीन खाने आहेत. ‘नॉम’ म्हणजे नाममात्र दर, ‘इफ्’ म्हणजे प्रभावी दर आणि ‘सी/वाय’ म्हणजे वर्षातून किती वेळा व्याज मिळवायचे ती संख्या. बाणाच्या कळीने एका खान्यातून दुसऱ्या खान्यात जाता येते. ‘नॉम’मध्ये ७.५ भरून ‘एंटर’ दाबा. ‘सी/वाय’मध्ये ४ भरून ‘एंटर’ दाबा. मग ‘इफ्’ या खान्यावर या आणि ‘सीपीटी’ ही कळ दाबा. पडद्यावर ७.७१ उमटते.

तीनपैकी कोणतेही दोन आकडे दिले की यंत्र तिसरा काढून देईल, असे मात्र समजू नका. वर्षातील आकारणीची संख्या आपल्यालाच द्यावी लागते. ती यंत्राला ठाऊक नसते, ती त्या तक्त्यातल्या बारीक ओळीत असते! आणखी एक गोष्ट सांभाळावी. आधीच्या हिशेबातली संख्या यंत्राच्या खान्यात तशीच राहिलेली असते. मागे कोणी १२ भरले असेल आणि तुम्ही ते न बदलता पुढे गेलात, तर यंत्र तक्रार करणार नाही. ते निमूटपणे चुकीचे उत्तर देईल. तसेच या यंत्रात टक्के टक्क्यांतच भरायचे असतात, ७.५ ऐवजी ०.०७५ भरले, तर सगळा हिशेब शंभर पट लहान होतो.

ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचे ‘एचपी-१२सी’ हे यंत्र याहून जुने आहे. ते १९८१ साली बाजारात आले आणि पुढे कित्येक दशके जवळजवळ त्याच रूपात विकले गेले. त्यावर रूपांतराची वेगळी कळ नाही. तरी काम अडत नाही. त्यावर पाच कळींची एक ओळ आहे : ‘एन’ म्हणजे किती वेळा, ‘आय’ म्हणजे एका वेळेचा दर, ‘पीव्ही’ म्हणजे आजची रक्कम, ‘पीएमटी’ म्हणजे हप्ता आणि ‘एफव्ही’ म्हणजे शेवटची रक्कम. आधी आकडा दाबायचा आणि मग त्याची कळ. ४ दाबून ‘एन’, १.८७५ दाबून ‘आय’, उणे १०० करून ‘पीव्ही’, ० दाबून ‘पीएमटी’. आता नुसते ‘एफव्ही’ दाबले की १०७.७१ येते. शंभराचे १०७.७१ झाले, म्हणजे प्रभावी दर ७.७१ टक्के. शंभरामागे उणे चिन्ह कशासाठी? आपल्या हातून गेलेला पैसा उणे आणि आपल्या हाती आलेला पैसा अधिक, असा या यंत्रांचा नियम आहे. ठेव ठेवताना शंभर रुपये हातून जातात, म्हणून ते उणे.

आता उलटा प्रश्न. वर्षातून चारदा आकारणी करणाऱ्या ठेवीने प्रमाणपत्राइतकाच, म्हणजे बरोबर ७.७ टक्के प्रभावी दर द्यायचा, तर तिचा नाममात्र दर किती असायला हवा? ‘बीए टू प्लस’वर ‘इफ्’मध्ये ७.७ आणि ‘सी/वाय’मध्ये ४ भरा, ‘नॉम’वर येऊन ‘सीपीटी’ दाबा. उत्तर ७.४९. साध्या गणकयंत्रावरही हे करता येते, आणि ते करण्यात खरी मजा आहे. १.०७७ दाबून वर्गमुळाची कळ दोनदा दाबा. वर्गमुळाचे वर्गमूळ म्हणजे चौथे मूळ. उत्तर १.०१८७१७९ येते. त्यातून १ वजा करा, ४ ने गुणा, १०० ने गुणा. पुन्हा ७.४९ टक्केच येतात. सहामाही आकारणी असेल, तर वर्गमूळ एकदाच घ्यायचे. मासिक आकारणीसाठी मात्र बारावे मूळ लागते आणि ते या कळीने निघत नाही. तिथे वित्तीय गणकयंत्राची गरज पडते.

येथे तुमच्या मनात एक शंका येईल. चारदा व्याज मिळवले तर फायदा होतो, मग बारा वेळा, ३६५ वेळा, दर सेकंदाला मिळवले तर? रक्कम वाढतच जाईल का? याकोब बर्नुली या स्विस गणितज्ञाला १६८३ मध्ये हाच प्रश्न पडला होता. १ रुपया १०० टक्के दराने ठेवला आणि व्याज वर्षातून एकदा मिळवले, तर वर्षअखेर २ रुपये होतात. सहामाही आकारणीने २.२५ होतात, तिमाहीने २.४४, मासिक आकारणीने २.६१ आणि रोजच्या आकारणीने २.७१. पुढे कितीही बारीक तुकडे करा, २.७१८२८ च्या आसपास गाडी थांबते. गणितात ही संख्या फार प्रसिद्ध आहे; वरच्या वर्गांत ती तुम्हांला पुन्हा भेटेल. ७.५ टक्क्यांसारख्या लहान दराला तर आकारणी वाढवून फारसे काही मिळत नाही. तिमाही आकारणीने ७.७१, मासिक आकारणीने ७.७६ आणि रोजच्या आकारणीने ७.७९ टक्के. म्हणून ‘आम्ही रोज व्याज मिळवतो’ अशी जाहिरात वाचून हुरळून जाण्याचे कारण नाही. दर लहान असेल, तर फरक चिमूटभर पडतो.

प्रभावी दराची एक मर्यादाही समजून घ्या. तो एका वर्षापुरता असतो. वरच्या मुदत ठेवीचे ७७१ रुपये दरवर्षी आपल्या खात्यात देऊ केले जातात, आणि ते काढून घेतले नाहीत तर त्यांवर पुढे व्याज लागत नाही. पाच वर्षांत मुद्दल आणि पाच वेळचे व्याज मिळून १३,८५५ रुपये होतात. प्रमाणपत्रात मात्र दरवर्षीचे व्याज पुन्हा गुंतवले जाते. तिथे १०,००० रुपयांचे पाच वर्षांनी १४,४९० होतात. प्रभावी दर जवळजवळ सारखा, तरी ६३५ रुपयांचा फरक! ज्याला दरवर्षी घरखर्चाला पैसे लागतात, त्याला मुदत ठेव बरी. ज्याला पाच वर्षे पैशांना हात लावायचा नाही, त्याच्यासाठी प्रमाणपत्र बरे. हे काही यंत्र सांगत नाही.

आतापर्यंत आपण पैसे ठेवणाऱ्याच्या बाजूने पाहिले. तिथे फरक चार-दोन रुपयांचा पडतो. पण कर्ज घेणाऱ्याच्या बाजूला या, म्हणजे हाच हिशेब घर बुडवू शकतो हे कळेल.

बाजारात ‘दोन टक्क्यांनी पैसे घेतले’ असे लोक म्हणतात. ते दोन टक्के वर्षाचे नसतात, महिन्याचे असतात. बोलताना महिना हा शब्द गाळला जातो. व्याज थकत गेले आणि ते मुद्दलात मिळवत गेले, तर महिना २ टक्क्यांचा प्रभावी दर वर्षाला २६.८२ टक्के होतो. महिना ३ टक्क्यांचा ४२.५८ टक्के. महिना ५ टक्क्यांचा ७९.५९ टक्के, म्हणजे पंधराव्या महिन्यात कर्ज दुप्पट होऊन बसते. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिना साडेतीन टक्के लावले, तर वर्षाचा नाममात्र दर ४२ आणि प्रभावी दर ५१.११ टक्के. ७.५ टक्क्यांच्या दराला मासिक आकारणीने पाव टक्क्याचीच भर पडली होती. इथे एकदम नऊ टक्क्यांची पडली. दर मोठा झाला की चक्रवाढीचे दात बाहेर येतात.

याहून फसवा प्रकार हप्त्यांचा आहे. (उर्दूत ‘हफ्ता’ म्हणजे आठवडा. मराठीत ‘हप्ता’ म्हणजे किस्त. तो दर आठवड्याला द्यायचा असतो असे नाही, बहुधा तो महिन्याचाच असतो.) समजा, एका बाईंना घरी शिवणकाम सुरू करायचे आहे. शिलाई मशीनची किंमत १२,००० रुपये आहे. दुकानदार म्हणतो, ‘फक्त १२ टक्के व्याज, ताई. वर्षभरात बारा हप्ते द्या.’ बारा हजारांवर १२ टक्के म्हणजे १,४४० रुपये. एकूण १३,४४० रुपये, भागिले १२, म्हणजे दरमहा १,१२० रुपये. हिशेब अगदी सरळ दिसतो.

पण नीट पाहा. दर महिन्याला १,००० रुपये मुद्दल फिटते आणि १२० रुपये व्याज जाते. पहिल्या महिन्यात बाईंकडे १२,००० रुपयांचे कर्ज आहे. त्यावर १२० रुपये म्हणजे एक टक्का. सहा हप्ते दिल्यावर कर्ज ६,००० रुपयांचेच उरते, तरी व्याज १२० रुपयेच. म्हणजे महिना दोन टक्के. शेवटच्या महिन्यात देणे फक्त १,००० रुपये उरलेले असते आणि त्यावर व्याज १२० रुपये. महिना बारा टक्के! जी रक्कम केव्हाच परत गेली, तिच्यावरही बाई व्याज देत राहिल्या. अशा दराला सपाट दर म्हणतात. उरलेल्या कर्जावरच व्याज लावले, तर तो घटत्या शिलकेचा दर.

खरा दर काढायला वित्तीय गणकयंत्र घ्या. ‘एन’ला १२, ‘पीव्ही’ला १२,०००, ‘पीएमटी’ला उणे १,१२० आणि ‘एफव्ही’ला ०. कर्जात मशीन आधी हाती आले, म्हणून १२,००० अधिक. हप्ते हातून जातात, म्हणून ते उणे. आता ‘आय’ दाबा. यंत्र क्षणभर थांबते, कारण हे उत्तर एका सूत्रात बसत नाही. ते अंदाज बांधत, सुधारत शोधावे लागते. मग आकडा येतो, महिना १.७८८. (‘बीए टू प्लस’वर या कळीचे नाव ‘आय/वाय’ आहे. तिथे वर्षातील हप्त्यांची संख्या १ ठेवली, तरच उत्तर महिन्याचे मिळते.) बाराने गुणले की वर्षाचा नाममात्र दर २१.४६ टक्के. तो रूपांतराच्या कोष्टकात घाला, वर्षातून १२ वेळा. प्रभावी दर २३.७० टक्के. दुकानदाराने सांगितलेल्या दराच्या जवळजवळ दुप्पट. आणि गंमत अशी, की तो खोटे काहीच बोललेला नाही.

रिझर्व्ह बँकेने या गोंधळावर एक उपाय केला. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तसंस्था यांनी सामान्य ग्राहकाला नवे मुदत कर्ज देताना मुख्य बाबींचे एक विवरणपत्र देणे बंधनकारक झाले. कर्जाचा एकूण वार्षिक खर्च, व्याज आणि इतर शुल्क धरून, टक्क्यांत किती पडतो, ते त्यात लिहावे लागते. दुकानदार स्वतःच उधारीवर वस्तू देत असेल, तर असा कागद मिळेलच असे नाही. तिथे हिशेब आपला आपणच करायचा.

शुल्काने किती फरक पडतो, तेही त्या मशीनवरच पाहू. समजा, दुकानदाराने कागदपत्रांसाठी म्हणून सुरुवातीलाच ३०० रुपये घेतले. हप्ता तोच, १,१२० रुपये. किंमत १२,००० ची, पण ३०० रुपये लगेच गेले, म्हणजे बाईंना प्रत्यक्षात ११,७०० रुपयांचीच उधारी मिळाली. ‘पीव्ही’मध्ये ११,७०० भरा, बाकी सगळे तसेच ठेवा आणि ‘आय’ दाबा. महिना २.२० टक्के. बाराने गुणून नाममात्र दर २६.४० टक्के आणि प्रभावी दर २९.८४ टक्के. पाटीवर अजूनही १२ टक्केच लिहिलेले आहे.